अनाथ फळीवरचं टपाल

दातांच्या लॅबमध्ये काम करणाऱ्यांचे दात कुणी फारसे पाहिलेले नसतात. तोंडावर मास्क, मास्कवर प्लास्टरची पांढरी धूळ, आणि हसायला फुरसत आहे कुणाला? वहिनी वर्षातून एक-दोनदा हसायच्या, तेव्हा त्यांचा पुढचा एक दात किंचित तिरका असल्याचं दिसायचं. आयुष्यभर लोकांचे सरळसोट दात खोक्यात घालून पाठवले आणि स्वतःचा तसाच राहिला. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "शिंप्याचा सदरा कायम उसवलेला."

त्यांना सगळेच वहिनी म्हणायचे. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी, पण लॅबमधली माणसं, कुरिअरवाला, क्लिनिकमधून फोन करणाऱ्या मुली, इतकंच काय, जिन्याखालचा चहावालाही वहिनीच म्हणायचा. दोघा भावांनी मिळून ही लॅब काढली होती. थोरला कवळ्या करायचा, धाकटा चिनी मातीचे, म्हणजे पोर्सिलेनचे दात. थोरल्याचं लग्न झालं आणि वहिनी पुढच्या खोलीतल्या टेबलाशी येऊन बसल्या, त्या बसल्याच. थोरला एका दुपारी छाती धरून गेला. टेबल राहिलं, वहिनी राहिल्या. मूलबाळ नव्हतं. दुसरं कुठे जाणार होत्या?

काम सांगायला सोपं. गावभरच्या क्लिनिकमधून टपाल येतं, आता त्याला मेल म्हणतात. कुणाचा कुठला दात, कुठल्या रंगाचा, कधी हवा. रंगाला इथे शेड म्हणतात, आणि पांढऱ्यातही एवढे पांढरे असतात की नवख्याला घेरी यावी. ए वन, ए टू, ए थ्री, मग बी, मग सी. वहिनींनी मेल वाचायचा, चिठ्ठी लिहायची, चिठ्ठी ट्रेला चिकटवायची. ट्रे मधल्या खोलीत प्लास्टरवाल्यांकडे जातो, तिथून मागच्या खोलीत भट्टीपाशी, भाऊजींकडे. भाऊजी म्हणजे धाकटा भाऊ. ते चिठ्ठी वाचणार आणि ब्रशने थर चढवत तो पांढरा अचूक आणणार. करणारे भाऊजी, पण सांगणारी चिठ्ठी. चिठ्ठी चुकली तर दात चुकला.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागच्या खोलीत छताला लागून एक फळी आहे. तिला अनाथ फळी म्हणतात. ज्या ट्रेवरची चिठ्ठी गळून पडली, ज्या साच्यावर डॉक्टरचं नाव नाही, ते त्या फळीवर चढवायचं. फेकायचं नाही. हा थोरल्याचा नियम. तो म्हणायचा, "ज्याच्यावर नाव नाही त्याला धनी नाही असं नसतं. कुणाच्या तरी तोंडचा घास त्याच्यावाचून अडलेला असतो." थोरला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या फळीवरचं काही फेकायला अजून कुणाचा हात धजत नाही. भाऊजी तयार दातांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर ठेवतात, तर तिथेसुद्धा वहिनींनी त्यांना क्लिनिकवार फोल्डर करून दिले होते आणि सगळ्यांत शेवटी एक फोल्डर 'अनाथ' नावाचा. कुणाचा फोटो ते आठवत नसलं की भाऊजी तो माऊसने ओढत नेऊन तिथे सोडायचे. कॉम्प्युटरवरची त्यांची विद्या तेवढीच, असं सगळे समजत होते.

तर त्या दिवशी सकाळी वहिनी जिना चढून वर आल्या. हल्ली तो जिना वाढत चालला आहे असं त्यांना वाटायचं. गुडघे म्हणायचे, बस झालं. उजवा डोळा काही म्हणत नव्हता, पण गेले काही महिने त्याच्यापुढे धुकं असायचं, सकाळी कमी, दुपारी जास्त. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. चष्मा पुसायचा आणि पुढच्या मेलकडे वळायचं.

भाऊजी आधीच आलेले होते. ते रोजच सगळ्यांच्या आधी यायचे. भट्टी तापवायची असते, म्हणायचे. गेल्या आठवड्यात तेवढे तापाने आडवे झाले होते, चार दिवस घरून हलले नव्हते, आणि अजून त्यांचा आवाज बसलेला होता.

"आज लवकर आलात वहिनी," ते मागूनच म्हणाले.

"रोजच्याच वेळेला आलेय," वहिनी म्हणाल्या, आणि कॉम्प्युटर चालू केला.

मेलचा प्रोग्रॅम उघडला नाही. मधोमध एक चौकोन आला. तुमचं प्रोफाइल उघडता येत नाही, ते हरवलेलं असावं किंवा त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. वहिनींनी चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग चौकोन बंद केला, प्रोग्रॅम परत उघडला. तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच. यंत्र एकदा हट्टाला पेटलं की सासूलाही मागे टाकतं.

तेवढ्यात छोट्या आला. छोट्या म्हणजे भाऊजींचा मुलगा. डोक्यावरचे केस उडाले तरी घरात तो छोट्याच. लॅबचा व्यवहार आता तोच बघायचा, आणि खोटं कशाला बोला, नीट बघायचा. आल्या आल्या त्याने बॅग ठेवली आणि वहिनींच्या टेबलासमोर उभा राहिला. बसला नाही, यावरूनच वहिनींनी ओळखलं.

"काकू, काल रात्री जेवायला बसलो आणि चौकातल्या डॉक्टरांचा फोन. ती पुढची कॅप आपण पाठवली ना, ती काळपट गेली. बसवल्यावर बाईंनी आरशात बघितलं आणि रडायलाच लागल्या. पुढचाच दात. डॉक्टर म्हणतात, त्यांनी ए टू लिहिलं होतं. चिठ्ठीवर ए थ्री आहे. मी बघितली."

"मग त्यांनी ए थ्री लिहिलं असेल," वहिनी म्हणाल्या.

"मीही तेच म्हणालो. तर म्हणाले, मेल दाखव. त्यांची चूक निघाली तर नव्या कॅपचा खर्च त्यांचा, आणि आपली निघाली तर पुढचं काम दुसऱ्या लॅबला. दुपारी क्लिनिक आटोपून स्वतः येतायत." छोट्याने मान खाजवली. "काढून ठेवाल ना तो मेल?"

चौकातले डॉक्टर म्हणजे लॅबचं निम्मं काम. वहिनींनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

छोट्याने वाचलं, खुर्ची ओढली आणि इतका वेळ अडवून धरलेलं सगळं बळ माऊसवर काढलं. इथे दाब, तिथे दाब. त्यातल्या कुठल्यातरी बटणावर 'नवीन' असं लिहिलेलं होतं, ते त्याने दाबलं. प्रोग्रॅम झटकन उघडला आणि म्हणाला, सुस्वागतम, तुमचं नाव काय?

सगळं रिकामं. वर्षानुवर्षांचं टपाल, क्लिनिकवार लावलेलं, गुणी मुलांसारखं ओळीत बसलेलं, सगळं गेलेलं. मोकळ्या पांढऱ्या पानावर नावाची एक चौकट तेवढी लुकलुकत होती.

"सर्व्हरवर असतील ना?" छोट्या म्हणाला.

"तिथली जागा भरायची म्हणून उतरवले की तिथून पुसायचे, अशी सेटिंग आहे. तूच करायला लावली होतीस."

छोट्याला ते आठवलं. तो खुर्चीत मागे रेलला. मग अगदी हळू, खरोखर मायेने म्हणाला, "काकू, जाऊ दे. मशीन बिघडलं म्हणून सांगू. कॅप फुकट करून देऊ. दुपारी मी त्यांच्या हातापाया पडतो. आणि तुम्ही पण आता... म्हणजे, खूप केलंत. घरी आराम करा ना."

आराम. या शब्दाची वहिनींना भीती वाटायची. दमल्या तर होत्याच, हाडं न् हाडं दमली होती. खुर्चीतून उठावं, पदर झटकावा आणि जावं, असं रोज दुपारी मनात यायचं. पण असं जायचं नव्हतं. चुकीची चिठ्ठी लिहिली म्हणून कुणी हाताला धरून उठवलंय, असं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, आपण चुकलो की नाही हेच त्यांना माहीत नव्हतं. ए टू होतं की ए थ्री? त्यांनी डोळे मिटून तो मेल आठवायचा प्रयत्न केला आणि आकड्याच्या जागी धुकंच आलं. मेल डॉक्टरांना दाखवायला हवा होता, ते ठीकच. पण वहिनींना तो स्वतःसाठी बघायचा होता. आपल्यावर अजून भरवसा ठेवता येतो का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

"तू तुझी कामं बघ," त्या म्हणाल्या. "मी मशीनवाल्याला फोन लावते."

मशीनवाला, म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, हा वहिनींइतकाच थकलेला माणूस. दिवसभर लोकांच्या टेबलाखाली घुसायचं आणि धुळीने शिंकायचं. फोन उचलला तेव्हा तो कुणाच्या तरी छपरावर वायर ओढत होता. वारा फोनमध्ये घुसत होता.

"काय गेलं वहिनी?"

"मेल गेला. सगळा."

"मेल असा जात नाही हो. काय लिहून आलं?"

वहिनींनी चौकोनातलं सगळं सांगितलं. मग छोट्याने नवीन बटण दाबल्याचंही सांगितलं.

"बरं. दाबलं तर दाबलं," मशीनवाला म्हणाला. "ऐका. तुम्ही बघता तो प्रोग्रॅम म्हणजे नुसता दरवाजा. टपाल सगळं एका फोल्डरमध्ये असतं. दरवाजाला तेवढं माहीत असतं की खोली कुठे आहे. खोली हलवली की तो म्हणतो, हरवली. नवीन म्हटलं की बिचारा नवीन रिकामी खोली बांधून देतो. तुमची जुनी मी डी ड्राइव्हवर ठेवली होती. आठवतंय? तुम्हाला आणि भाऊजींना दोघांनाही दाखवून सांगितलं होतं, हा फोल्डर म्हणजे तुमच्या टपालाचा जीव, याला हात लावायचा नाही."

"लहान पोराने कीबोर्डवर हात आपटल्यासारखं नाव होतं त्याचं."

"तेच. आहे का तिथे?"

वहिनींनी डी ड्राइव्ह उघडला. नाक स्क्रीनला लागेल इतक्या पुढे वाकल्या. बिलं होती. भाऊजींचे फोटो होते. थोरल्याचे दवाखान्यातले कागद स्कॅन करून ठेवलेले होते, ते अजून कुणी काढले नव्हते. तो फोल्डर नव्हता.

"नाही."

"रिसायकल बिन बघा. कचऱ्याचा डबा."

"रिकामा."

"कुणी रिकामा केला?"

"मी रोज संध्याकाळी करते. टेबल पुसते, डबा रिकामा करते. सवय आहे." आणि हे बोलता बोलता वहिनींच्या मनात शंका आली. काल संध्याकाळीही केला होता. आपणच चुकून तो फोल्डर तिथे टाकला असेल आणि आपल्याच हाताने पुसून टाकला असेल तर? डोळा असा झालेला. काय दाबतोय ते तरी धड कुठे दिसतंय? त्या टेबलाची कड धरून बसून राहिल्या.

"वहिनी? आहात का? काल संध्याकाळी तुमच्या कचऱ्यानंतर मेल चालू होता का?"

वहिनींनी आठवून बघितलं. "हो. डबा रिकामा केल्यावर कुरिअरवाल्याला शेवटचा मेल पाठवला होता."

"मग तुम्ही नाही टाकलात. टाकला असतात तर प्रोग्रॅम तेव्हाच ओरडला असता. काल रात्रीनंतर कुणीतरी हलवलाय. तिथे वर कोपऱ्यात शोधायची चौकट असते, त्यात इंग्रजीत इनबॉक्स लिहा आणि सगळा डी ड्राइव्ह शोधू दे. जुनं मशीन आहे, दमून दमून शोधेल. तोवर चहा घ्या. मी उतरतो इथून, वारा लागतोय."

वर हिरवी पट्टी सरकू लागली. गोगलगाय बरी म्हणायची. वहिनींनी चहा मागवला आणि तो पुढ्यात गार होऊ दिला. मधल्या खोलीतून प्लास्टर कापायच्या यंत्राची घरघर येत होती. छोट्या फोनवर कुणाची तरी समजूत घालत होता. खिडकीतल्या उजेडात धूळ तरंगत होती. वहिनींनी उगाच शेडचा पट्टा उचलला, ज्यावर नमुन्याचे दात ओळीने लावलेले असतात. ए टू आणि ए थ्री शेजारी शेजारी. डाव्या डोळ्याने दोन वेगळे दिसले. उजव्याने बघितलं तर भावंडं कसली, जुळेच. त्यांनी पट्टा खाली ठेवला.

पट्टी शेवटाला पोहोचली आणि एक ओळ उगवली. इनबॉक्स. मोठी फाइल, भलीमोठी, वर्षांचं ओझं घेऊन बसलेली. तिच्यापुढे पत्ता होता. वहिनींनी बोट ठेवून तो वाचला. डी ड्राइव्ह. भाऊजींचे फोटो. अनाथ.

म्हणतात ना, काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण त्या वेळी त्यांना ही म्हण सुचली नाही. त्या पत्त्याकडे बघत राहिल्या. या लॅबमध्ये माऊसने ओढून 'अनाथ'मध्ये नेऊन सोडणारा माणूस एकच होता.

दारातून मागची खोली दिसत होती. भाऊजी खिडकीशी बसले होते, नाकावर भिंग लावून, ब्रशचं टोक ओठांत ओलं करत. सकाळपासून ते एकदाही पुढे आले नव्हते. एवढा गोंधळ चाललेला, मेल गेला म्हणून मुलगा कपाळाला हात लावून फिरतोय, आणि भाऊजींनी मान वर केली नव्हती. वहिनींना ते आता जाणवलं.

त्यांनी मशीनवाल्याला परत फोन लावला. तो आता कुठेतरी सावलीत होता. त्याने सांगितलं तसं त्यांनी केलं. प्रोग्रॅम बंद. फोल्डर 'अनाथ'मधून उचलून होता तिथे परत. मग एक बटण दाबून धरून प्रोग्रॅम उघडायचा, म्हणजे तो विचारतो कुठलं प्रोफाइल. दोन नावं आली. एक आजचं, छोट्याने बांधलेलं. एक जुनं. वहिनींनी जुनं निवडलं.

आणि सगळं परत आलं. गुणी मुलं ओळीने येऊन बसली, मागोमाग आजचे नवे मेलही भरभर उतरले. "आलं," वहिनी म्हणाल्या.

"आलं ना? मग आता त्या छोट्याने बनवलेल्याला हात लावू नका, मी येऊन काढतो," मशीनवाला म्हणाला. "वहिनी, एक विचारू? हलवलं कुणी?"

"चुकून झालं कुणाकडून तरी," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चौकातल्या डॉक्टरांचा मेल शोधायला वेळ लागला नाही. त्यांनी तो उघडला. अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली, एक आकडा सगळ्या स्क्रीनभर होईपर्यंत. दोन होता. ए टू. डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं, खाली रेघ ओढून लिहिलं होतं. उजव्या डोळ्यावर हात ठेवून बघितलं, दोन. डाव्यावर ठेवून बघितलं, तर एवढा मोठा करूनही त्याचं पोट फुगून तीनच्या वळणावर जात होतं.

वहिनी उठल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. दार लोटून घेतलं. भाऊजींचा ब्रश थांबला, पण त्यांनी मान वर केली नाही.

"भाऊजी, अनाथ फळीवर काय ठेवलंत?"

भाऊजींनी ब्रश खाली ठेवला. मग भिंग काढून म्हणाले, "सापडलं तर."

"सापडणारच होतं. टाकूनच द्यायचं होतंत."

"टाकायला गेलो होतो," भाऊजी बसक्या आवाजात म्हणाले. "हात झाला नाही. नाव नव्हतं त्याच्यावर. दादा असता तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "काल रात्री छोट्याने जेवताना सांगितलं. मी सकाळी येऊन बघितलं. ए टूच होतं. म्हटलं, मेलच नाही सापडला तर मशीनवर जाईल. मशीनला काय, त्याला लाज थोडीच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी. राहू दे झाकलेली."

वहिनींना राग आला. खूप दिवसांत इतका आला नव्हता. "तुम्ही मला झाकायला निघालात, आणि तिकडे ती बाई तोंड लपवून बसलीय घरी. तिचं काय? आणि मी काय म्हणून बसू उद्या त्या टेबलाशी? मला कळायला नको, मी चुकतेय ते?"

"एक चूक झाली. कुणाकडूनही होते."

"एकच आहे?"

भाऊजींनी भिंग परत डोळ्याला लावलं. ट्रेमध्ये काहीतरी शोधू लागले. ट्रे रिकामा होता.

दुपारी डॉक्टर आले. अंगाने भरलेले, घामाघूम, जिन्याने दमलेले. छोट्या पुढे धावला, "डॉक्टर, काय झालं माहितीये का, आमचं मशीन..."

"मशीन ठीक आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मेल छापून ठेवला होता आणि शेजारी त्यांची चिठ्ठी. "तुम्ही ए टू लिहिलं होतंत. मी ए थ्री वाचलं. माझा डोळा अधू झालाय आणि मी कुणाला सांगितलं नाही. चूक लॅबची नाही, भाऊजींची नाही, माझी आहे. त्या बाईंना माझं नाव सांगा."

डॉक्टर भांडायच्या तयारीने आले होते. घरातून निघताना शब्द ठरवून निघालेल्या माणसाला कुणी विरोधच केला नाही तर तो कसा रिकाम्या हाताने उभा राहतो, तसे ते उभे राहिले. त्यांनी कागद उचलला, बघितला, ठेवला.

"मोतीबिंदू आहे का?" त्यांनी विचारलं.

"दाखवलं नाही."

"दाखवा. माझ्या आईने असंच अंगावर काढलं." ते खुर्चीत बसले आणि रुमालाने मान पुसू लागले. "कॅप परवापर्यंत द्या. बाईंना परवाची वेळ देतो. आणि चिठ्ठी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा, हात जोडतो."

काम दुसऱ्या लॅबला जाणार की नाही, हे ते बोलले नाहीत. छोट्यानेही विचारलं नाही. आपल्या बापाच्या वयाच्या माणसाला पाणी नेऊन द्यावं तसं त्याने त्यांना पाणी दिलं, आणि जिन्यापर्यंत सोडायला गेला. परत आला तेव्हा वहिनी ड्रॉवर मोकळा करत होत्या. त्यांचा चष्म्याचा कपडा, कंगवा, गोळ्यांची पाकिटं.

"काकू, असं नका करू."

"रागावून नाही करत. डोळ्याचं बघून येते. तोवर चिठ्ठ्या तू लिही."

"खुर्ची तशीच ठेवतो. कुणाला बसू देणार नाही."

"बसू दे रे," वहिनी म्हणाल्या. "रिकामी ठेवलीस तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत धुळीने पांढरी होईल." छोट्याला हसू आलं आणि त्याचा चेहराही रडवेला झाला, म्हणून तो मधल्या खोलीत निघून गेला.

वहिनींनी पिशवी उचलली. हातपाय जड झाले होते, पण सकाळची ती शंका उरली नव्हती. आपण चुकलो हे ठाऊक होतं आता, आणि ठाऊक असलेलं ओझं उचलता येतं. भाऊजींना सांगून निघावं म्हणून त्या मागच्या खोलीत गेल्या, तेव्हा त्यांचं लक्ष भट्टीकडे गेलं. उंच, चकचकीत, आकड्यांची. छोट्याने आणलेली. त्या थबकल्या. जुनी भट्टी तापायला अर्धी सकाळ जायची, म्हणून भाऊजी पहाटे यायचे. ही नवी, बटण दाबलं की चहा उकळेपर्यंत तयार.

मग भाऊजी रोज सगळ्यांच्या आधी येऊन करत काय होते?

आणि मेल उघडायला ते शिकले कधी? सकाळी आले, प्रोग्रॅम उघडला, डॉक्टरांचा मेल शोधला, वाचला, हे सगळं एका दिवसात येत नाही. वहिनींना गेला आठवडा आठवला. भाऊजी तापाने घरी होते. ती कॅपची चिठ्ठी त्याच आठवड्यातली होती.

त्या भट्टीजवळच्या स्टुलावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. "किती चिठ्ठ्या सुधारल्यात?"

भाऊजींनी न समजल्याचं सोंग केलं नाही. ते ब्रश पाण्यात बुडवून स्वच्छ करत राहिले, पाणी कधीच स्वच्छ झालं होतं तरी.

"मोजल्या नाहीत," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तुम्ही शेडचा पट्टा खिडकीत नेऊन बघायला लागलात तेव्हापासून. आधी कधी नेत नव्हता."

मधल्या खोलीतलं यंत्र बंद झालं होतं. रोजची पहाट या माणसाने त्यांच्या टेबलाशी, त्यांच्या चिठ्ठ्यांवर वाकून काढली होती, आणि त्या येताना जिन्यात पावलं वाजली की उठून मागे जाऊन बसला होता. लाज वाटली, आणि त्या लाजेखाली असं काही दाटून आलं की कुणाला सांगता आलं नसतं. त्यांनी पदराने डोळे टिपले, धुक्याचा आणि बिनधुक्याचा, दोन्ही.

"उद्यापासून पहाटे येऊ नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "झोपा जरा. तुम्हीही दमलात."

"सवय झालीय," भाऊजी म्हणाले.

"मोडा."

भाऊजी उठले, त्यांनी वहिनींच्या हातातली पिशवी घेतली आणि जिना उतरताना त्यांच्या पुढे, एक पायरी खाली राहून, हळूहळू चालू लागले.